हात वर गेला की टाळ्या

टाळीमास्तरांच्या घरी टीव्ही लागला की त्यांची बायको कार्यक्रम बघायची नाही, टाळ्या ऐकायची. हातातलं काम टाकून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची, कान टवकारायची आणि मधेच ओरडायची, "ऐका, ऐका! मी वाजले!"

"तू नाही, तुझ्या बांगड्या वाजल्या," मास्तर म्हणायचे.

"बांगड्या माझ्याच ना? मग मीच वाजले."

यात खोटं काही नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा प्रेक्षकांची बस वाटेत बंद पडली, कार्यक्रम तोंडावर आला आणि स्टुडिओतल्या खुर्च्या रिकाम्या. मास्तरांनी घरी फोन केला. बायको, तिच्या दोन बहिणी, खालच्या मजल्यावरचा शिंपी आणि नाराजीनंच आलेले सासरे अशी सगळी वरात स्टुडिओत येऊन बसली आणि हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवून गेली. साउंडवाल्यानं त्या टाळ्या रेकॉर्ड करून ठेवल्या. पुढे जिथे म्हणून टाळ्या कमी पडायच्या तिथे तो त्याच ओतायचा. त्यामुळे मास्तरांच्या बायकोनं आजवर मंत्र्यांना, गवयांना, वजन घटवून दाखवणाऱ्यांना आणि एकदा चुकून हवामानाच्या बातम्यांनाही टाळ्या दिल्या होत्या. नीट ऐकलं तर त्या गजरात बांगड्यांची बारीक किणकिण ऐकू यायची.

वाहिनीच्या कागदोपत्री मास्तर 'प्रेक्षक समन्वयक' होते. म्हणजे नेमकं काय, हे त्यांच्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. कुणी विचारलं की ते "जावई टीव्हीत असतात" एवढं म्हणायचे आणि गुडघेदुखीचा विषय काढायचे. खरं तर काम सोपं होतं आणि अवघडही. कार्यक्रमाला माणसं आणून बसवायची आणि कॅमेऱ्याच्या मागे उभं राहून त्यांच्याकडून हवं ते, हवं तेव्हा करून घ्यायचं. मास्तरांचा उजवा हात उघडा वर गेला की टाळ्या. हात गोल फिरला की आणखी जोरात. मूठ वळली की सगळं जागच्या जागी बंद.

त्यांची माणसं ठरलेली होती. निवृत्त झालेले, घरात जागा नसलेले, दुकान न चालणारे दुकानदार. या सगळ्यांच्या पुढे, पहिल्या रांगेत, जाड भिंगाच्या चष्म्याच्या एक काकू बसायच्या. काकू मास्तरांच्या हाताकडे बघायच्या आणि बाकीचे काकूंच्या हाताकडे. कार्यक्रम कशावर आहे हे काकूंना कधीच माहीत नसायचं, त्यामुळे त्यांच्या टाळीत भेदभाव नसायचा.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना विलीनीकरणाची बातमी आली. त्यांच्या वाहिनीला तिच्याहून मोठी कंपनी गिळणार होती. 'गिळणार' हा शब्द अर्थात कँटीनमधला. पत्रकात "दोन कुटुंबं एक होत आहेत" असं होतं, आणि त्याच्या खाली, बारीक अक्षरात, एका कामाला दोन माणसं ठेवता येणार नाहीत असंही होतं.

त्या दिवसापासून कँटीनमध्ये जो तो त्या कंपनीतला आपल्याच कामाचा जोडीदार शोधायला लागला. वृत्तनिवेदिकेला तिची सापडली, दहा वर्षांनी लहान. मेकअपवालीला तिची सापडली. साउंडवाल्याला तर तीन सापडले. मास्तरांना मात्र कुणीच सापडेना. आपल्यासारखा माणूसच त्यांच्याकडे नाही, म्हणजे आपण वाचलो, या आनंदात त्यांनी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी साउंडवाल्यानं सांगितलं, "मास्तर, त्यांच्याकडे माणूस नाही कारण त्यांच्याकडे मशीन आहे. शांतता जास्त झाली की ते आपोआप टाळ्या भरतं." या वयात दुसरीकडे जाऊन मास्तर काय सांगणार होते? मला हात वर करता येतो?

विलीनीकरणाला सरकारी आयोगाची परवानगी लागणार होती आणि त्यासाठी जाहीर सुनावणी ठेवली होती. म्हणून एका संध्याकाळी कामगार संघटनेचे सेक्रेटरी मास्तरांच्या घरी आले. त्यांना सगळे भोंगा म्हणत. ते हळू बोलायला लागले की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे.

"मास्तर, आयोगाला लोकांचा विरोध दिसला पाहिजे," भोंगा म्हणाले. "नोकरांचा विरोध कोण विचारतो? पगारासाठी ओरडतात म्हणतील. जनता पाहिजे."

"आपले वार्ताहर आहेत की. शंभरेक तरी होतील."

"विचारलं त्यांना. म्हणाले, आम्ही बातमी करायला येऊ, बातमीत येणार नाही. आम्ही निःपक्ष आहोत." भोंग्यांनी चहाचा कप असा आपटला की बशीला तडा गेला. "उद्या हाकलतील तेव्हासुद्धा निःपक्षच जातील लेकाचे! मास्तर, जनता तुमच्याकडे आहे."

"माझ्याकडे प्रेक्षक आहेत हो."

"तेच ते. बसले की प्रेक्षक, उभे राहिले की जनता."

बायको दारात उभी होती. बशीकडे बघत ती म्हणाली, "न्या की. एवढी वर्षं दुसऱ्यांसाठी माणसं जमवलीत. एकदा स्वतःसाठी जमवा."

मास्तर काकूंकडे गेले. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उभं राहायचं? खुर्च्या नाहीत?"

"विरोध खुर्चीत बसून होत नाही, काकू."

"तुमच्या त्या चर्चेच्या कार्यक्रमात तर सगळे बसूनच करतात."

"तो वेगळा. हा खरा आहे. आमच्या नोकऱ्या जातायत."

"तुमची पण?"

"माझी पहिली."

काकूंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत लावला. "मग येते मी. गुडघ्याचं बघू काय ते. आणि बाकीच्यांना मी सांगते, तुम्ही फिरू नका दारोदार." मास्तरांना भरून आलं. इतक्या वर्षांत काकूंनी कार्यक्रमाबद्दल काही विचारलं ते पहिल्यांदाच.

सुनावणीच्या आदल्या दिवशी वाहिनीच्या मागच्या पार्किंगमध्ये तालीम झाली. "लक्षात ठेवा," मास्तर म्हणाले, "उद्या माझा हात वर गेला की टाळ्या नाहीत. घोषणा. 'विलीनीकरण रद्द करा!' म्हणायचं." हात वर गेला. टाळ्या पडल्या. पुन्हा हात वर गेला. निम्म्यांनी घोषणा दिली, निम्म्यांनी टाळ्या. पाचसहा वेळा केल्यावर मात्र अशी एकमुखी घोषणा उठली की पार्किंगमधल्या एका गाडीचा अलार्म वाजायला लागला. मास्तर समाधानानं घरी गेले आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

सुनावणीच्या सभागृहाबाहेर दुसऱ्या दिवशी पायऱ्यांच्या एका बाजूला जनता उभी होती आणि दुसऱ्या बाजूला कॅमेरे घेऊन वाहिनीचे निःपक्ष लोक. ज्यांच्या नोकऱ्या जाणार होत्या ते चित्रण करत होते आणि ज्यांना नोकऱ्याच नव्हत्या ते विरोधाला उभे होते.

भोंगा स्टुलावर चढले, त्यांनी मूठ वळून हवेत उंच फेकली आणि गरजले, "विलीनीकरण!"

रस्त्यावर शुकशुकाट झाला. कुजबूज थांबली. कुणीतरी खोकत होता, तोही अर्ध्यावर थांबला.

"यांना काय झालं?" भोंग्यांनी खाली वाकून विचारलं.

"मूठ दाखवू नका हो!" मास्तर हडबडून म्हणाले. "मूठ म्हणजे बंद. वर्षानुवर्षांची सवय आहे त्यांना."

"अहो, आंदोलन आहे हे! मुठीशिवाय कसं करू?"

"हात उघडा ठेवा."

"उघडा हात? आशीर्वाद द्यायला उभा आहे का मी?"

शेवटी असं ठरलं की भोंग्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभं राहायचं आणि इशारा फक्त मास्तरांनी करायचा. आयुष्यभर मुठी आपटलेला तो माणूस शाळेत शिक्षा झाल्यासारखा स्टुलावर उभा राहिला. पण घोषणा जमल्या. मास्तरांचा हात वर जाई आणि सभागृहाच्या काचा थरथरत. आत आयोगाच्या माणसांनी खिडकीतून डोकावून बघितलं, असं एका शिपायानं बाहेर येऊन सांगितलं. मास्तरांना वाटलं, जमतंय. खरंच जमतंय.

तेवढ्यात दार उघडलं आणि मोठ्या कंपनीचे साहेब बाहेर आले.

एकदम गडबड उडाली. निःपक्ष लोक कॅमेरे घेऊन धावले. एक कॅमेरा साहेबांवर, एक जनतेवर, आणि जनतेवरच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा काकूंच्या तोंडासमोर लागला. मास्तरांनी घोषणेसाठी हात वर केला. नेमक्या त्याच क्षणी साहेबांनीही पायरीवर थांबून, हसून, हात वर केला.

काकूंनी लाल दिवा बघितला. झगझगीत उजेडात दारातून येणारा पाहुणा बघितला. मास्तरांचा वर गेलेला हात बघितला. त्यांच्या जागी कुणीही असतं तरी दुसरं काय केलं असतं? काकूंनी टाळी वाजवली.

आणि मग सगळ्यांनीच वाजवली. पार्किंगमधली तालीम कुठल्या कुठे गेली. असा कडकडाट मास्तरांच्या उभ्या कारकिर्दीत झाला नव्हता. ते घाबरून हात हलवायला लागले, "नाही, नाही, नाही," आणि हात हलला तसा लोकांना तो गोल फिरल्यासारखा वाटला आणि टाळ्या दुपटीनं वाढल्या. शेवटी त्यांनी मूठ वळली.

टाळ्या सुरीनं कापल्यासारख्या थांबल्या. त्या पूर्ण शांततेत साहेबांनी सावकाश बोलायला सुरुवात केली, "धन्यवाद. जनतेचा हा विश्वास हेच आमचं भांडवल आहे."

इकडे भोंग्यांचा संयम सुटला. त्यांनी पाठीमागचे हात सोडवले, दोन्ही मुठी वर केल्या आणि जीव तोडून ओरडले, "रद्द करा!" दोन मुठी बघून जनता श्वाससुद्धा हळू घ्यायला लागली. साहेबांनी स्टुलावरच्या त्या एकट्या माणसाकडे मोठ्या सहानुभूतीनं बघितलं आणि आपलं भाषण निवांत पूर्ण केलं.

"मास्तर," काकूंनी ओठ न हलवता विचारलं, "बरोबर झालं ना?"

त्या बिचाऱ्या दुखऱ्या गुडघ्यांनी दोन तास उभ्या होत्या. मास्तर म्हणाले, "तुमचं सगळं बरोबर झालं, काकू."

संध्याकाळभर सगळ्या वाहिन्यांवर तेच. 'विलीनीकरणाचं जनतेकडून टाळ्यांच्या गजरात स्वागत.' चित्रात मधोमध मास्तर, हात वर करून. त्यांच्याच वाहिनीनं त्यांच्या डोक्याभोवती लाल गोल काढला होता आणि खाली लिहिलं होतं, 'जनतेचा उत्साह आवरताना एक नागरिक.'

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं कान देऊन सगळं ऐकलं. मग म्हणाली, "यात मी नाहीये."

"नाहीस. या खऱ्या होत्या."

फोन वाजला. सासरे होते. "जावईबापू, बघितलं हो तुम्हाला! काय वट आहे तुमची! नुसता हात केलात तर अख्खा रस्ता चूप! सगळ्यांना फोन करून सांगितलं मी." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यांनी जावयाचं कौतुक केलं ते हे असं. मास्तरांनी "हो, हो" म्हणून फोन ठेवला आणि न जेवता झोपले.

आयोगानं परवानगी दिली. निकालात 'नागरिकांच्या उत्स्फूर्त प्रतिसादाचा' आवर्जून उल्लेख होता. ऑफिसात मास्तरांशी कुणी बोलेनासं झालं. ते कँटीनमध्ये बसले की मेकअपवाली कप उचलून दुसऱ्या टेबलावर जायची. भोंग्यांनी त्यांना जिन्यात गाठलं आणि, सगळ्यांना धक्का बसला तो याचा, अगदी हळू आवाजात विचारलं, "किती दिले हो तुम्हाला?" त्यांनी ओरडून शिव्या घातल्या असत्या तर मास्तरांना सोसलं असतं.

म्हणून नव्या कंपनीच्या मनुष्यबळ खात्याकडून बोलावणं आलं तेव्हा ऑफिसला काही नवल वाटलं नाही. आणि खोटं कशाला सांगा, मास्तरांच्या मनातही एक लाजिरवाणी आशा डोकावली. झाली चूक ती झाली. निदान आपली नोकरी तरी वाचत असेल. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. तो घालताना आरशात बघितलं नाही.

खात्याच्या बाई फार गोड बोलायच्या. "बसा ना. तुमचं ते चित्रण आम्ही सगळ्यांनी पाहिलं. साहेबांना तर फारच आवडलं."

"हो का," मास्तर म्हणाले.

"त्यावरूनच आम्ही तुमच्या विभागाचा पहिला निर्णय घेतला. विभाग बंद करतोय."

मास्तरांना वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी गडबड झाली. "बंद? पण बाई, त्या टाळ्या..."

"तेच तर! लोक आपणहून येतात, आपणहून टाळ्या वाजवतात. मग त्यांना आणायला माणूस कशाला? हे तुम्हीच सिद्ध केलंत."

मास्तरांनी मनात हिशेब केला. खरं सांगितलं तर जनता जमवून आणलेली होती हे फुटून भोंग्यांची अब्रू जाणार होती, नाही सांगितलं तर आपली भाकरी. भोंगा तर असेही बोलत नव्हते. "बाई, ते लोक आपणहून नव्हते आले. मी आणले होते."

"कशाला?"

"विरोधाला."

बाईंचा चेहरा उजळला. "म्हणजे विरोध करायला आणलेल्या लोकांनीसुद्धा साहेबांना बघून टाळ्या वाजवल्या? अहो, हे तर आणखीच छान आहे!" त्यांनी लगेच कुणाला तरी फोन लावला. मास्तर उठले, खुर्ची नीट सरकवून ठेवली आणि बाहेर आले.

महिन्याच्या शेवटी 'एक कुटुंब' नावाचा सोहळा झाला, स्टुडिओत, थेट प्रक्षेपण. प्रेक्षक आणणारा विभाग बंद झाल्यामुळे खुर्च्या भरायला माणसं नव्हती. म्हणून ज्यांना काढलं त्यांनाच निरोपाच्या निमित्तानं बोलावून बसवलं. पहिल्या रांगेत, काकूंच्या जागी, मास्तर. एका बाजूला साउंडवाला, दुसऱ्या बाजूला भोंगा. मागे मेकअपवाली, वृत्तनिवेदिका आणि काही निःपक्ष वार्ताहर. स्टुडिओत इतकी वर्षं काढून मास्तर प्रेक्षकांच्या खुर्चीत पहिल्यांदाच बसले होते. खुर्ची टोचत होती. इतकी वर्षं काकू कशा बसल्या असतील, असं त्यांच्या मनात आलं.

साहेब बोलले. कुटुंब म्हणाले, त्याग म्हणाले, उज्ज्वल उद्या म्हणाले. लाल दिवा लागला. साहेबांनी हसून हात वर केला.

कुणीच हललं नाही. सगळ्या स्टुडिओची नजर सवयीनं मास्तरांच्या उजव्या हाताकडे गेली. हात पँटच्या खिशात होता. साहेबांचा हात वर तसाच राहिला, मग हसू जरासं सुकलं, मग ते एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. मास्तर शांतपणे समोर बघत राहिले.

भोंगा त्यांच्या कानाशी वाकले. "मास्तर," ते कुजबुजले, आणि ती कुजबूज मागच्या रांगेपर्यंत पोचली, "खिशात मूठ आहे का?"

"आहे," मास्तर म्हणाले.

भोंग्यांनी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. मागे मेकअपवाली नाकातून हसली. त्या घटकाभरात मास्तरांना वाटलं की नोकरी गेली तर गेली, आपल्या हाताचा शेवटचा उपयोग तरी बरा झाला.

आणि टाळ्यांचा प्रचंड कडकडाट झाला.

स्टुडिओत एकाचेही हात हलले नव्हते. साउंडवाला दचकून वर स्पीकरकडे बघायला लागला. "मी इथे बसलोय," तो म्हणाला, "म्हणजे ते मशीन बसवलं यांनी." त्यानं जरा कान दिला आणि त्याचा चेहरा पडला. "टाळ्या आपल्याच आहेत हो, मास्तर. जुनं सगळं त्यात भरलंय." साहेबांनी समाधानानं मान लववली. स्टुडिओतल्या पडद्यावर तेवढ्यात, प्रेक्षकांच्या जागी, जुन्या कुठल्यातरी कार्यक्रमातले हसरे चेहरे झळकले. काकूही होत्या त्यात.

मास्तर घरी आले तेव्हा दार उघडंच होतं आणि बायको टीव्हीसमोर बसलेली होती. ती आज दारात उभी नव्हती. तिनं त्यांच्याकडे बघितलं, पाण्याचा पेला पुढे केला आणि जवळ सरकून त्यांना बसायला जागा दिली.

"ऐकलं मी सगळं," ती म्हणाली. "बांगड्या अगदी स्पष्ट वाजत होत्या."

मास्तरांनी पेला रिकामा करून खाली ठेवला.

ती हलकेच म्हणाली, "म्हणजे, मला नाही काढलं."